बैल आपल्याच दारात का थांबायचे?

प्रिय अण्णा,

आईनं काल तुमच्या फोटोपुढं उदबत्ती लावली नाही. विसरली नाही, लावली नाही. काडेपेटी हातात घेतली, तुमच्याकडं बघितलं आणि काडेपेटी परत गॅसशेजारी ठेवून दिली. तुम्ही गेल्यापासून असं पहिल्यांदा झालं आणि ते माझ्यामुळं झालं. म्हणून लिहितोय. तिच्याशी बोलायला गेलो तर "भाकरी खाऊन घे" एवढंच म्हणते. मग मी भांडू कुणाशी? तुमच्याशीच भांडतो. तसंही जिवंतपणी आपलं एकही भांडण पुरं झालं नाही. तुम्ही ट्रॅक्टर चालू करून निघून जायचात आणि मी एसटी पकडून.

दारात अजून वाळू पडलीय, खडी पडलीय, सळ्या पडल्यात. वाळूवर गल्लीतली कुत्री पिल्लं घेऊन बसलीय. चार आहेत, त्यातलं एक अगदी पांढरं, कान तेवढे काळे... जाऊ दे, कुत्रीचं काय घेऊन बसलो. वाळू आईनं मागवली होती. तिला वरचा मजला चढवायचा होता. माझ्यासाठी. वर दोन खोल्या झाल्या की पोरगं घरात टिकेल, त्याचं लग्न होईल, असं तिच्या मनात. आज काम सुरू होणार होतं.

आणि हा कागद. वही नव्हती म्हणून एका फोटोच्या प्रिंटच्या पाठीवर लिहितोय. मॅडमनी पाच-सहा प्रिंट दिल्यात. पुढच्या बाजूला काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. तुमच्याएवढं कुणालाच माहीत नाही.

आधी मॅडम कोण ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल पोरगं पुन्हा भरकटलं.

मी काय काम करतो ते तुम्हाला कधी नीट कळलं नाही. डिप्लोमा अर्ध्यात सोडला, कबनूरला यंत्रमागावर चार महिने काढले, गोव्यात हॉटेलात प्लेटा उचलल्या, एका ट्रकवाल्याबरोबर हुबळीपर्यंत गेलो, ते सगळं तुम्हाला ठाऊक होतं आणि त्यावर बोलून तुमचा घसा बसला होता. शेवटी लग्नांची ड्रोन शूटिंग करायला लागलो तर तुम्ही लोकांना सांगायचात, "पोरगं लग्नात भिंगरी उडवतंय." मला पाळण्यातनं बाहेर आल्यापासून भिंगरी म्हणायचात, आता भिंगरीच्या हातात भिंगरी. सगळी गल्ली हसायची. मीही हसायचो.

तर कोल्हापुरात एका कॉलेजात भूगोल शिकवणाऱ्या मॅडम आहेत. त्यांना ड्रोनवाला हवा होता. पूर्वी विमानातून काढलेले गावागावांचे जुने फोटो त्यांच्याकडं आहेत, सरळ खाली बघून काढलेले, काळे-पांढरे. त्याच गावांचे आजचे फोटो तसेच वरून काढायचे आणि काय बदललं ते लावून बघायचं, असं काम. मी विचारलं, "मॅडम, डिग्री लागेल का?" त्या म्हणाल्या, "बॅटरी लागेल." मला बाई आवडली.

अण्णा, ते फोटो तुम्ही बघायला हवे होते. घरं म्हणजे सांडलेले तांदूळ. रस्ते म्हणजे खडूच्या रेघा. मॅडमनी मला वाचायला शिकवलं. झाडांचे खरबरीत ठिपके, नांगरलेलं रान करडं, खडक पांढुरका, पाणी काळं. सावली लांब असेल तर वस्तू उंच. शेजारी शेजारी काढलेले दोन फोटो ठेवायचे आणि दोन भिंगांच्या चौकटीतून बघायचं. मला आधी काही दिसेना, डोळे तिरळे झाले. मग एकदम देवळाचं शिखर कागदातून उठून माझ्या नाकापर्यंत आलं. मी मागं सरकलो. शाळेत बारा वर्षं बसून जे झालं नाही ते झालं. मला आणखी बघावंसं वाटलं.

मग आपल्या गावाचा फोटो निघाला. माझ्या जन्माच्या आधीचा. देऊळ ओळखलं, स्टँडकडचा रस्ता ओळखला, वरची आळी ओळखली. तिथून बोट फिरवत आपल्या घरापाशी आलो, तर काळं.

"मॅडम, इथं शाई सांडलीय."

"शाई नाही. पाणी आहे ते."

मी वाद घातला, अण्णा. तुमच्या वतीनं वाद घातला. म्हटलं, आमच्या गावात तळं होतं ते मला ठाऊक आहे, पण ते पलीकडं होतं, आता मोकळी जागा आहे तिथं. आमची सगळी घरं काठावर आहेत. काठ म्हणजे कातळ.

"कुणी सांगितलं?" मॅडमनी विचारलं.

"आमच्या अण्णांनी."

 मॅडमनी आपल्या गावाचा, मीच काढलेला ड्रोनचा फोटो काचेवर ठेवला, त्याच्यावर जुन्या फोटोची पारदर्शक प्रिंट सरकवली. देवळावर देऊळ बसवलं, विहिरीवर विहीर. आपला स्लॅब, त्यावरची काळी टाकी, आईनं वाळत घातलेल्या सांडग्यांचं कापडसुद्धा, सगळं बरोबर पाण्यात. आणि मोकळी जागा? पांढुरका खडक. त्यावर कुणीतरी कपडे वाळत घातलेले दिसतात. काठ तो होता. आपण पाण्यात होतो. तुम्ही उलटं सांगितलंत.

देवळापासून एक पांढरी रेघ येते आणि काळ्यात शिरते. मी विचारलं ही कसली. मॅडम म्हणाल्या, "उतार असेल. जनावरं पाण्यात न्यायचा." ती रेघ जिथं पाण्यात शिरते ना, तिथं आपला उंबरा आहे.

मला तिथंच बेंदूर आठवला.

दर बेंदराला वरच्या आळीतले बैल शिंगं रंगवून, झुली घालून देवळापासून निघायचे आणि आपल्या दारात येऊन थांबायचे. तुम्ही पांढरा सदरा घालून, घागर घेऊन उभे. एकेका बैलाच्या खुरांवर पाणी ओतायचात, आई पोळीचा घास द्यायची आणि बैल माघारी वळायचे. आख्ख्या गावात फक्त आपल्या दारात. मी विचारायचो, "अण्णा, आपल्याच दारात का?" तुम्ही म्हणायचात, "मान हाय आपला."

कसला मान, अण्णा? आपल्याकडं ना जमीन, ना पाटीलकी. बैल तर कधीच नव्हता. ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या दारात बैलांचा मान कुठून आला? हा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

दुसऱ्याला पडला होता. वरच्या आळीतला दिल्या आठवतो? चौथीत माझ्या वर्गात होता. तो मला म्हणाला होता, "तुमचा मान-बिन काय न्हाय. तुमच्या घराखाली तळं हाय, माझा आज्जा म्हणतो." मी त्याचा दात पाडला. पुढचाच. मास्तरांनी मला बदडलं. घरी आलो तर तुम्ही मला जवळ घेतलंत, स्टँडवर नेऊन भजी चारलीत. खरं सांगणाऱ्याचा दात पाडला म्हणून बक्षीस दिलंत मला! दिल्या आता मोबाईल दुरुस्त करतो. हसला की ती फट अजून दिसते. मी त्याच्याकडनं ड्रोनची वायर जोडून घेतो आणि तो माझ्याशी नीट बोलतो. मला कसं वाटलं असेल, सांगा.

एकदा डोळा बसला की सगळंच दिसायला लागतं. गल्लीत बॉल कुठंही मारला तरी घरंगळत आपल्याच दारात का यायचा? आपली गल्ली कोयत्यासारखी वाकडी का? पावसाळ्यात पाणी दारातून आत न येता फरशीच्या सांध्यांतून वर का यायचं? तुम्ही म्हणायचात, "वल हाय, भुईला घाम येतो." चार बोटं घाम? आईची चूल-शेगडी कॉटवर चढवायला लावणारा घाम? आणि ते कॅलेंडर. मधल्या भिंतीला भेग पडली तिथं तुम्ही खिळा ठोकून कॅलेंडर लावलंत. भेग वाढली तसं दरवर्षी कॅलेंडर मोठं येत गेलं. शेवटी बँकेचं आणलंत, हातभर लांब. मला वाटायचं तुम्हाला तारखा बघायची आवड आहे.

मॅडमकडं आणखी एक फोटो होता, थोडा नंतरचा. त्यात तळं अर्धं बुजलेलं. काळ्या पाण्यात पांढरी जीभ बाहेर काढावी तसा भराव घुसलेला आणि त्या जिभेच्या टोकावर एक ठिपका. मी विचारलं, हे काय. "ट्रॅक्टर असेल, गाडी असेल, नाहीतर निगेटिव्हवरची धूळ असेल. सांगता येत नाही," मॅडम म्हणाल्या.

मला सांगता येतं. त्या काळात गावात ट्रॅक्टर-ट्रॉली चालवणारं दुसरं कोण होतं?

मॅडमनी पाणी दिलं. मी प्रिंट मागितल्या आणि एसटीत बसलो. हातकणंगल्यापर्यंत उभ्यानं आलो, बसायला जागा होती तरी.

घरी आलो तर शिवा गवंडी स्लॅबवर दोरी धरून खडूनं खुणा करत होता. त्यानं वरूनच हाक मारली, "या पावणं! वाट चुकलासा व्हय?" आई खाली खुशीत. "आलास? बघ की, सळ्या आल्या." शेजारचे बसाप्पाकाका सळीवर बसून तंबाखू मळत होते. त्यांची दोन मजली इमारत बघून बघूनच आईनं वरच्या मजल्याचा ध्यास घेतला होता.

मी म्हटलं, "मजला चढवायचा न्हाय."

आईला वाटलं मी पुन्हा कुठंतरी पळतोय. "का? या बारीला कुठं निघालास?"

मी प्रिंट पुढं केली. शिवा खाली उतरला, उलटी धरून बघितली. "एक्सरे हाय व्हय? कुणाचं हाड मोडलं?"

मी सांगितलं. देऊळ दाखवलं, विहीर दाखवली, काळं दाखवलं. बसाप्पाकाका हसले. ते मला अजून कानडीत तम्माच म्हणतात, सीमेकडचा माणूस. "तम्मा, मोबाईलवर काय बी करत्यात आता. परवा माझ्या नातीनं माझ्या डोस्क्यावर शिंगं काढल्याली. तळं पलीकडं होतं. तुझ्या बानंच भरलं की, सोताच्या ट्रॉलीनं. त्यो मला हितं उभा करून म्हणाला, ह्यो काठ हाय, खाली कातळ हाय, मी हितं राहतोय न्हवं? त्यो राहतोय म्हणून मी जागा घेतली. मला बघून बाकीच्या दहा जणांनी."

म्हणजे हे, अण्णा. तळं बुजवून प्लॉट विकणाऱ्या जागावाल्यानं त्यातला एक तुम्हाला का दिला ते मला त्या सळीपाशी कळलं. ट्रॉली ओढल्याचा मोबदला नव्हता तो. तुम्ही तिथं राहून दाखवायचं होतं. बाहेरगावची माणसं येणार, बघणार, अण्णा बायको घेऊन राहतोय म्हणजे जमीन पक्की म्हणणार. वरच्या आळीतले म्हातारे सगळं जाणून होते, पण बुजवताना गप्प बसलेली माणसं नंतर कुठल्या तोंडानं बोलणार?

माझ्या फोटोवर कुणाचाच विश्वास नव्हता. मग मी काकांना विचारलं, "बेंदराला बैल कुठं येतात?"

"तुमच्या दारात. अण्णांचा मान हाय."

"कसला मान? बैल हाय का आमच्याकडं?"

"न्हाय."

"तुमच्या गावाकडं बेंदराला बैल कुठं नेतात काका?"

"कुठं म्हंजे? धुवायला तळ्यावर—"

तिथंच थांबले. तंबाखू हातात तशीच. त्यांनी आपल्या उंबऱ्याकडं बघितलं, मग देवळाकडून येणाऱ्या रस्त्याकडं, मग मान वर करून स्वतःच्या वरच्या मजल्याकडं. त्यांच्या वरच्या खोलीचं दार गेली दोन वर्षं लागत नाही, अण्णा. ते सुताराला शिव्या देत होते.

 मग काका म्हणाले, "माझ्या वास्तुशांतीला तुझा बा जेवला की रं. दोनदा बासुंदी घेतली त्यानं."

 तुमच्याकडं ह्याला उत्तर आहे का? असेल तर सांगा मला. त्यांनी वर मजला चढवला तेव्हा तुम्ही समोर खुर्ची टाकून बसायचात. मी बघितलंय. विटा मोजायचात, गवंड्याला चहा पाजायचात. एक शब्द बोलला नाहीत?

आणि आई काय म्हणाली सांगू?  ती वाळूच्या ढिगाजवळ खाली बसली आणि म्हणाली, "म्हणून व्हय. मी दर साली म्हणायची, वर दोन खोल्या चढवू या. हे म्हणायचे, पुढच्या साली. धान्याची पोती बी वर चढवू द्यायचे न्हाईत. मला वाटायचं माणूस कंजूष हाय. मी आयुष्यभर कंजूष म्हटलं त्यांना."

एवढं बोलून ती रडेल असं मला वाटलं. ती उठली आणि शिवाला म्हणाली, "सळ्या उचल. उद्या वाळू बी ने." मग आत जाऊन दिव्याची वेळ झाली तशी काडेपेटी हातात घेतली. पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे.

म्हणजे तुम्ही जाणून होता. भरावावर मजल्याचं ओझं नको, घर खचेल म्हणून वीस-पंचवीस वर्षं बायकोकडून कंजूष म्हणवून घेतलंत. कुणी ह्याला माया म्हणेल. मी म्हणत नाही. मला त्याचाच जास्त राग येतोय! तुम्हाला नुसतं काही ठाऊक नसतं तर मी तुम्हाला सोडून दिलं असतं. पण आपल्या डोक्यावरचा मजला अडवायला तुम्हाला रोज आठवत होतं आणि शेजाऱ्याच्या डोक्यावर चढताना दिसत होतं, तरी तुम्ही बासुंदी खाल्लीत. आमच्यासाठी खोटं बोललात आणि त्यांच्यासाठी गप्प बसलात. ह्यातलं कुठलं माफ करू?

तुम्ही मला कायम म्हणायचात, "पाय जमिनीवर ठेव." कुठल्या जमिनीवर, अण्णा?

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाला असतात. भाड्याच्या खोपटातून बाहेर पडायचं होतं, लग्न ठरलं होतं, जागा मिळत होती, डास फार होतात म्हणून गावालाच तळं नको झालं होतं, मी नसतं भरलं तर दुसऱ्यानं भरलं असतं. खरंय. सगळं खरं असेल. पण दुसऱ्यानं भरलं असतं तर काल आईनं तुमच्या फोटोकडं बघून काडेपेटी ठेवून दिली नसती.

तुम्ही मला तरी सांगायला हवं होतं. मी घरात टिकत नव्हतो, हे कबूल. पण दवाखान्यात शेवटचे नऊ दिवस मी खाटेशेजारी होतो की. तुम्ही माझ्याशी काय बोललात? टायरमधली हवा. ट्रॅक्टर उभा असला तरी महिन्यातून एकदा हवा बघत जा म्हणालात. आणि एकदा दुपारी डोळे मिटूनच विचारलंत, "फरशी कोरडी हाय का?" मी म्हटलं हाय. तुम्ही मान हलवलीत. तेवढंच. त्या चार शब्दांपलीकडं तुमची जीभ गेली नाही का हो?

आज सकाळपासून बसाप्पाकाका वरच्या खोलीतली ज्वारीची पोती एकेक करून खाली आणतायत. मी मदतीला गेलो. त्यांनी नको म्हटलं नाही आणि ये असंही म्हटलं नाही. सात पोती आम्ही दोघांनी उतरवली. आठव्याला ते जिन्यात टेकले आणि म्हणाले, "आषाढात पाणी वर येतंय, तवा नातीला वर झोपवत होतो, तम्मा. वर बरं म्हणून."

तर आता ऐका, मी काय करणार आहे ते.

उरलेल्या दहा घरांत मी जाणार आहे. प्रिंट घेऊन, एकेका दारात. तुमचं नाव घेऊनच सांगणार आहे, लपवून नाही. लोक आईला बोलतील, मला बोलतील. बोलू देत. पावसाआधी ज्यांच्या वर मजला आहे त्यांनी तो रिकामा करावा, एवढं तरी मी त्यांच्याकडून करून घेईन. आईला वरच्या आळीत खोली बघतोय, खडकावरची. ती यायला तयार नाही. येईल. दिल्याकडं जाऊन दाताचं बोलणार आहे. ते मला सगळ्यात अवघड वाटतंय.

कॅलेंडर काढलंय. भेग आता उघडी आहे, माझा तळहात उभा आत जातो. तिच्याशेजारी तळ्याचा फोटो लावणार आहे.

आणि बेंदरापर्यंत मी कुठंही जात नाही. गोव्याहून एकाचा फोन आला होता, लग्नाचा सीझन आहे म्हणून. नाही म्हटलं. बैल येतील ना, त्यांना कुठं माहीत आहे तळं बुजलं ते? मी घागर घेऊन दारात उभा राहीन. पाणी ओतीन. कुणी पोरानं विचारलं, इथंच का, तर मान आहे म्हणून सांगणार नाही. तळं होतं, माझ्या वडिलांनी बुजवलं, असं सांगेन. दर साली सांगेन, तुम्ही ठरवून दर साली नाही सांगितलंत तसं.

एक राहिलं. मघाशी तो भरावाच्या जिभेचा फोटो आणि माझा फोटो एकावर एक धरून खिडकीच्या उजेडात बघितले. माझ्या फोटोतही एक ठिपका आहे. ड्रोन वर सोडून मी आपल्या दारात रिमोट धरून उभा होतो, तो मी. तुमचा ठिपका आणि माझा ठिपका जवळजवळ एकाच जागी येतात, मध्ये बोटभराचं अंतर. तुम्ही तिथून पाण्याकडं बघत होता. तुम्हाला खाली काय आहे ते दिसत होतं.

आता मलाही दिसतंय. मी तिथून हलणार नाही.

तुमची,
भिंगरी